रावजीच्या होडीला मारलेली हाक

"मग भोंगा का नाही लावत, बुवा? एकदा वाजवला की सगळ्यांना ऐकू जाईल."

"ऐकू जाईल."

"मग?"

"ओ कोण देईल?"

यशोधन सबनीस हसला. उत्तर त्याला भाबडं वाटलं. गुरूचं उत्तर भाबडं वाटलं की शिष्यानं निदान तोंड वळवून हसावं, पण तेवढी रीत त्याच्याकडे नव्हती.

हा सबनीस म्हणजे सभांचा निवेदक. मोठ्या शहरात सत्कार असो, संगीतसभा असो, शोकसभा असो, माईकपुढे तोच उभा. आवाज असा की मांडवात रडणारं पोर गप्प व्हावं. नावांचं मात्र त्याला वावडं. एका समारंभात त्यानं नव्या अध्यक्षांचं स्वागत आधीच्या अध्यक्षांच्या नावानं केलं. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी चूक दाखवली, तर हा म्हणाला, "खुर्ची तीच आहे ना? आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला ना? मग झालं."

ते अध्यक्ष त्याच्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. ह्याच्या ते लक्षातही आलं नाही.

त्याच्या कानावर एक गोष्ट आली होती. दक्षिण कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, कातळावर, एक म्हातारा गोसावी राहतो. लोक त्याला कातळबुवा म्हणतात. थंडीच्या दिवसांत पहाटे तिथं असं धुकं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही. खाडीत शिरायची वाट अरुंद, आणि डाव्या हाताला पाण्याखाली खडक. रात्रभर मासेमारी करून होड्या परततात तेव्हा बुवा कातळावर उभा राहून एकेकाला हाक मारतो. ज्याची हाक, त्याची होडी वाट चुकत नाही.

तेव्हा होड्यांना यंत्रं नव्हती. वल्हं आणि कान, एवढ्यावर माणसं घरी येत.

ती हाक शिकायला सबनीस तिथं येऊन राहिला. आवाज आपल्याकडे आहेच, युक्ती तेवढी उचलायची, असा त्याचा हिशेब होता.

"युक्ती काय आहे, बुवा?"

"संध्याकाळी प्रत्येक जण वर येतो. आपलं नाव माझ्याकडे देतो, मग जातो. सकाळी मी ते त्याला परत देतो."

"रोज?"

"रोज."

"माणसं तीच. नावं तीच."

"काल गेला तोच आज निघालाय, हे तुला कोण सांगतं?"

शिकलेली माणसं अशा वेळी समुद्राकडे बघतात. सबनीसनंही बघितलं.

त्या किनाऱ्यावर आणखी एक रीत होती. ती त्याला कुणी सांगितली नाही, आणि त्यानं कधी विचारली नाही. होडीचा धनी गेला तरी वर्षभर होडी त्याच्याच नावानं ओळखायची. वर्ष सरल्यावर मग ती मुलाची व्हायची. निळ्या पट्ट्याच्या होडीला सगळे 'रावजीची होडी' म्हणत. रावजी कुबल पावसाच्या तोंडाशी बाहेर पडला होता. होडी परत आली. रावजी आला नाही.

आता ती होडी त्याचा मुलगा नेत असे. विशीतलं पोरगं, मान खाली घालून बोलणारं. सबनीस रोज त्याला बघत होता आणि रोज मनात म्हणत होता, हा रावजी. बुवा सकाळी त्या पोराला हाक मारी तेव्हा सबनीस आवाजाची फेक ऐकत असे; नावातलं 'रावजी कुबल' एवढंच त्याच्या कानात राहिलं होतं.

पौषात बुवाचा घसा बसला. आवाज साफ गेला. गळ्याला फडकं गुंडाळून तो झोपडीच्या दाराशी बसून राहिला. बोलणं म्हणजे नुसती कुजबुज.

"आज नावं तू घे," तो म्हणाला. "उद्या हाक तुझी."

सबनीसची छाती फुगली. ह्याच दिवसाची तो वाट बघत होता.

संध्याकाळी तो कातळाच्या टोकावर जाऊन उभा राहिला. खाली वाळूत होड्या निघायच्या तयारीत होत्या. बाबल धुरी पायवाटेनं वर येऊ लागला तसं सबनीसनं वरूनच हात हलवला.

"बाबल ना? ठाऊक आहे. जा तू!"

बाबल थबकला. "होय, बाबल धुरी," एवढं म्हणून तिथूनच वळला. मागून आत्माराम खवळे येत होता, त्यालाही सबनीसनं तसंच परत धाडलं. इतक्या जणांना वर चढवायचं, प्रत्येकानं हात जोडायचे, तेच तेच सांगायचं... ह्यात वेळ फार जातो, असं त्याला पहिल्यापासून वाटत आलं होतं.

शेवटी निळ्या पट्ट्याच्या होडीवालं पोरगं आलं. ते अर्ध्या वाटेपर्यंत चढलं. हात जोडले. तोंड उघडलं.

"माहीत आहे, माहीत आहे!" सबनीस वरून म्हणाला. "निघ. वारा पडतोय."

पोरगं तसंच उभं राहिलं. तोंडातला शब्द त्यानं गिळला, आणि ते खाली उतरलं.

रात्री बुवानं विचारलं, "नावं मिळाली?"

"सगळी माझ्याकडे आहेत."



सकाळ झाली ती नुसती पांढरी. सूर्य उगवला असणार, पण कुठं उगवला ते कळत नव्हतं. समुद्र दिसत नव्हता, वाळू दिसत नव्हती. खाली बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. बुवा काठी टेकत आला आणि सबनीसच्या मागं बसला.

सबनीसनं घसा साफ केला.

"बाबल धुरी, ये!"

काय आवाज होता! धुक्याला भोक पडावं असा. थोड्या वेळानं समोरून उत्तर आलं, "ओऽऽ!" वल्ही वाजली, होडी वाळूला लागली. खाली कुणीतरी हसलं.

"आत्माराम खवळे, ये!"

"ओऽऽ!"

आत्माराम आला. सबनीसनं वळून बुवाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर 'एवढंच ना?' असा भाव होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"रावजी कुबल, ये!"

खालच्या बांगड्या एकदम थांबल्या.

लाटसुद्धा सावकाश फुटल्यासारखी वाटली. मग डावीकडून, खडकांच्या बाजूनं, एक जड, घोगरा आवाज आला.

"ओ..."

सबनीसला आनंद झाला. आपली हाक पोचली. "हां, ये, रावजी!" तो पुन्हा ओरडला.

"ओ... येतंय."

आणि मग समोरून, पाण्याच्या वाटेवरून, दुसरा आवाज आला. कोवळा.

"बाबा?"

पुन्हा तोच कोवळा आवाज.

"बाबा, तुमी?"

समोरची वल्ही थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा ती समोरून येत नव्हती. ती डावीकडे चालली होती.

खाली वाळूत कुणाच्या तरी हातातली टोपली पडली. बाबल धुरी धापा टाकत कातळ चढून वर आला आणि त्यानं सबनीसचा सदरा धरला.

"कोणाक बोलावलास रे? रावजी मेलो! पावसात मेलो तो! होडयेत त्याचो झिल असा, गुणाजी!"

झिल म्हणजे मुलगा, एवढं सबनीसला इतक्या दिवसांत कळत होतं. डावीकडे खडक होते, आणि पोरगं बापाच्या आवाजामागं तिकडंच निघालं होतं. सबनीसला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. आपल्या आवाजाची भीती.

"गुणाजी!" तो ओरडला. "गुणाजी, मागे फिर! इकडे ये!"

वल्ही चाललीच होती.

"गुणाजी! गुणाजीऽऽ!"

हाक दूरवर गेली. पार समुद्रापर्यंत गेली असेल. पण कुणी ओ दिली नाही. वल्ह्यांच्या चालीतसुद्धा फरक पडला नाही, जणू ते नाव दुसऱ्याच कुणाचं होतं.

"त्याला ऐकू कसं येत नाही, बुवा?"

बुवानं कुजबुजत विचारलं, "हे नाव तुला कुणी दिलं?"

"बाबलनं. आत्ता."

"बाबलचं आहे का ते?"

"बुवा, पोरगं मरेल!"

"त्यानं ते काल तुझ्यासाठी अर्ध्या वाटेपर्यंत आणलं होतं."

सबनीसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याला ते जोडलेले हात दिसले, उघडलेलं तोंड दिसलं. आपला वरून हललेला हातही दिसला. शरमेनं तो रडायला लागला, आणि ते कुणाला दिसेल ह्याची त्याला पर्वा राहिली नाही.

बुवा उठला. त्यानं सबनीसचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या पकडीत एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नसतं. ओढत ओढत त्यानं त्याला पायवाटेनं खाली आणलं, वाळूतून नेलं, आणि गुडघाभर पाण्यात उभं केलं. डावीकडे तोंड करून.

"ज्याला बोलावलंस, आधी त्याच्याशी बोल."

"तो... तो तर..."

"आलाय ना?"

धुक्यात वल्ह्यांचे दोन आवाज होते. एक पुढं, एक मागं. पुढचं वल्हं सावकाश पडत होतं, वय झालेल्या माणसाचं पडावं तसं.

"काय बोलू?"

"दारात चुकून बोलावलेल्या माणसाशी काय बोलतात?"

सबनीसनं तोंड उघडलं. त्याचा तो मांडव भरणारा आवाज आता आला नाही. आला तो साधा, थोडा फाटलेला. पूर्वी सभेत कुणी असा बोलला असता तर सबनीसनंच त्याच्या हातातून माईक काढून घेतला असता.

"रावजी... मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्हाला कधी बघितलं नाही. मी होडी बघून नाव घेतलं. माझं चुकलं."

पुढचं वल्हं थांबलं.

"मला तुमच्या मुलाला बोलवायचं होतं. तो माझ्याकडे आला होता. मी... मी त्याला विचारलं नाही, तू कोण म्हणून."

मागचं वल्हंही थांबलं होतं. पाणी सबनीसच्या गुडघ्यांना लागत होतं, आणि ते विलक्षण गार होतं.

मग धुक्यातून तो जड आवाज पुन्हा आला. पण तो सबनीसशी बोलत नव्हता.

"तू कोण रे?"

मग कोवळा आवाज, मोडलेला.

"मी... मी गुणाजी, बाबा. गुणाजी रावजी कुबल."

किनाऱ्यावर सगळ्यांनी ऐकलं. एका बाईनं हुंदका दिला. बुवानं सबनीसच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता मिळालं," तो कुजबुजला. "परत दे त्याला."

सबनीस ओरडला नाही. समोर बसलेल्या माणसाला बोलवावं तसा म्हणाला, "गुणाजी रावजी कुबल, ये."

"ओ!"

एवढ्या हळू मारलेली हाक तिथवर कशी गेली, ते कुणी विचारलं नाही. होडी वळली. खडकाला लाकूड घासल्याचा एक कर्कश आवाज आला, तेवढ्यानं बाबलनं डोळे मिटून घेतले. मग वल्ही जोरात, घाईनं पडू लागली. समोरच्या पांढऱ्यातून आधी निळा पट्टा दिसला, मग पोरगं.

होडीच्या एका कडेची फळी सोलवटून निघाली होती. हातभर पुढं गेली असती तर संपलंच होतं.

गुणाजी उतरला, पण त्याला उभं राहवेना. बाबलनं त्याला काखेत धरलं. तो प्रत्येकाकडे बघून तेच सांगत होता.

"फुडे होते. पाठ दिसत होती माका. हात लावचो इतक्या जवळ. मगे वळले, आनी माका इचारल्यानी, तू कोण रे? माझ्या बापाशीन माका इचारल्यान, तू कोण..."

"गप, झिला, गप."

"वळाखलाच नाय माका!"

"मगे?"

"नाव सांगलंय. तेवा हसले. म्हणाले, मगे हय खय येतंस? तुका थय बोलावतत."

इथं कुठं येतोस, तुला तिकडं बोलावताहेत, एवढंच बाप म्हणाला होता. पोरगं बाबलच्या छातीवर डोकं टेकून लहान मुलासारखं रडलं. सबनीस पाण्यातून बाहेर आला, त्याच्यापुढं वाळूत बसला आणि त्याचे पाय धरले. त्या पोरानं गोंधळून पाय मागं घेतले. ज्यानं आपल्याला बोलावून आणलं तो माणूस आपल्या पाया का पडतोय, हे त्याला कळलं नव्हतं.

सबनीसला वाटलं, संपलं.

पण बुवा पाण्याकडेच बघत होता.

धुकं समोरून विरळ व्हायला लागलं होतं. खाडीची वाट दिसू लागली, पलीकडचा काठ दिसला, त्यावरची सुरूची झाडं दिसली. डावीकडे मात्र ते तसंच होतं, घट्ट, खडकांवर बसून राहिलेलं. आणि त्यात एक वल्हं होतं. पुढं येत नव्हतं, मागं जात नव्हतं. होडी एका जागी धरून ठेवायला मारतात तसं, सावकाश. टुप... टुप...

"बुवा, मी माफी मागितली," सबनीस म्हणाला.

"मागितलीस."

"मग तो परत का जात नाही?"



सबनीस पुन्हा पाण्यात गेला. त्यानं हात जोडले. "रावजी, तुमचा मुलगा आला. तुम्ही... तुम्ही आता जा."

टुप... टुप...

"रावजी कुबल, जा!"

वल्हं तसंच चालू राहिलं. जे नाव त्यानं सहज, न विचारता उचललं होतं, ते आता काही केल्या त्याच्या हातून खाली ठेवलं जाईना.

तेवढ्यात त्याच्या शेजारून कुणीतरी पाण्यात शिरलं. रावजीची बायको होती, सुभद्रा. लुगडं भिजतंय ह्याचं तिला भान नव्हतं. मुलगा सुखरूप आला, त्याला तिनं एकदा दोन्ही हातांनी चाचपलं होतं, आणि आता ती खडकांकडे बघत होती.

"ह्येच वल्हा," ती म्हणाली. "ह्येंचाच."



ती सबनीसकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग असेल असं त्याला वाटलं होतं. राग नव्हता. जे होतं ते बघून त्यानं मान खाली घातली.

"परत एकदा साद घाला," ती म्हणाली. "तुमच्या सादेक इले ते. जरा जवळ येवंदेत. तोंड तरी बघतंय."

"नाही... मी नाही..."

"एकदाच."

"बाई, मला ते जमणार नाही."

"मग कोण घालतलो? माझ्यान घालूक येना? घोवाचा नाव घेवचा नसता आमच्यात. लग्न झाल्यापासून मी तेंचा नाव तोंडान घेवक नाय. तेनीय ता माझ्या तोंडसून आयकूक नाय." नवऱ्याचं नाव एकदाही न घेता तिनं सगळा संसार केला होता. "तुमी घेतलास, मोकळ्यान घेतलास. तुमचो तो कोण? कोणच नाय. आजून एकदा घेवा."

सबनीसनं हात जोडले आणि बुवाकडे बघितलं. गुणाजीही बघत होता. सगळा किनाराच बघत होता.

बुवा पाण्यात उतरला. सबनीसला त्यानं हातानं बाजूला सारलं. सुभद्रेजवळ जाऊन उभा राहिला आणि कितीतरी वेळ तिच्यासारखाच त्या धुक्याकडे बघत राहिला.

टुप... टुप...

मग तो तिच्या कानाशी वाकला. घसा बसलेला होता, तरी जवळ उभ्या असलेल्या सबनीसला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"तूच घे, बाय... तुझ्या तोंडसून आयकल्याशिवाय तो निघूचो नाय."